पत कुणाच्या वहीत?

(शीळफाटा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेवर साडेसहाची वेळ छापली आहे आणि आत्ता सव्वासात वाजलेत. मी महापेकडून आलो, अध्यक्ष काटईकडून आले. दोघंही कोंडीत अडकलो आणि एकमेकांना फोन करून ‘तुम्ही सुरू करा’ म्हणत राहिलो. जमिनीखालून बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा बीकेसीहून याच फाट्यापर्यंत यायचा आहे, आणि वर दोन म्हाताऱ्यांना पाच किलोमीटरला तास लागतो. तुम्ही हे मनावर घेतलं नाहीत, कारण तुम्ही इथलेच आहात. पण बघा, उशीर आमच्यामुळे झाला नाही, तरी सभेच्या इतिवृत्तात ‘वक्ते उशिरा आले’ असंच लिहिलं जाईल. मला आज जे बोलायचं आहे ते जवळजवळ एवढंच. गाडीच्या जागी फक्त हप्ता घाला.

ज्यांच्या स्मरणार्थ ही माला आहे त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. मी ते पुन्हा घेत नाही. स्वतःचं नाव चारचौघांत घेतलेलं त्यांना रुचत नसे. ते पिग्मी गोळा करायचे. संध्याकाळी पाच ते नऊ, आधी सायकलवर आणि पुढे एका जुन्या स्कूटरवर, शीळपासून खिडकाळीपर्यंत. गॅरेज, प्लायवूडचं दुकान, सलून, चिकनवाला, टायर पंक्चरवाला. कुणाचे वीस रुपये, कुणाचे पन्नास. ही पिग्मी मूळची उडुपीची. १९२८ साली तिथल्या एका लहान बँकेनं, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, दारोदार माणूस पाठवून रोज दोन आण्यांपासून ठेव घ्यायला सुरुवात केली. हातावर पोट असलेला माणूस महिन्याला शंभर टाकू शकत नाही, पण रोज थोडे टाकू शकतो, हे त्या बँकेला कळलं होतं.

मी एका बँकेत कर्ज विभागात होतो. बँकेचं नाव सांगत नाही, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यात चूक माझी आहे. हे गृहस्थ सकाळी भरणा करायला यायचे आणि माझ्या टेबलाजवळ बसायचे. त्यांच्या खिशात एक लांबट वही असे. त्यात कुणाचा दिवस कधी चुकला हे असे, आणि शेजारी बारीक अक्षरात का चुकला हेही असे. ‘मुलगी दवाखान्यात’. ‘गावी’. ‘बिल्डरने दिले नाहीत’. ‘का’ हा रकाना मी त्यानंतर कुठल्याही कर्जाच्या अहवालात पाहिलेला नाही.

२०२२ मध्ये एक फॅब्रिकेटर माझ्यासमोर आला. स्लायडिंग खिडक्या, ग्रिल, सेफ्टी दरवाजे. मूळचा जळगावकडचा, फाट्याजवळ भाड्याचा गाळा, पाच-सहा माणसं कामाला. पलावापासून दिव्यापर्यंत जे टॉवर उभे राहिलेत त्यांच्या खिडक्या असल्याच लोकांनी बसवल्यात. त्याला कटिंग मशीन आणि अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा साठा यांसाठी आठ लाख हवे होते. मी पॅन नंबर टाकला. स्कोअर आला ५९१. फाइल मिटली. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. तो गेल्यावर पिग्मीवाले म्हणाले, ‘साहेब, या माणसानं सहा वर्षांत माझे अकरा दिवस चुकवलेत.’ मी म्हणालो, ‘तुमची वही सिबिलला जात नाही.’ माझं म्हणणं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच ते अजून टोचतं.

आजच्या व्याख्यानाचं निमित्त तेवढंच आहे. ‘सिबिल खराब आहे’ हे वाक्य आता फाट्यावर ‘साखर वाढली आहे’ इतक्या सहज बोललं जातं, आणि बोलणाऱ्याचा चेहराही तसाच असतो. जणू हा अंगातला रोग आहे, आयुष्यभर गोळ्या खायच्या. तो रोग नाही. ती नोंद आहे, दुसऱ्या कुणीतरी ठेवलेली. आपल्याबद्दल खरं जाणणारी वही एक आणि बँक उघडते ती वही दुसरी, अशी ही भानगड आहे.

आपल्याकडे ही भानगड जुनी आहे. मराठी मुलखातला सर्वांत प्रसिद्ध दिवाळं निघालेला दुकानदार कोण, असं मी शाळेतल्या मुलांना विचारतो तेव्हा त्यांना उत्तर येत नाही, आणि सांगितलं की ती चकित होतात. देहूचे तुकोबा. घरात वाण्याचा धंदा आणि सावकारी. १६३० च्या दुष्काळात धंदा बसला, दिवाळं निघालं. परंपरा सांगते की पुढे त्यांनी घरातल्या कर्जखतांचे दोन वाटे केले, एक धाकट्या भावाला दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. आपण हे वैराग्य म्हणून ऐकतो. मी कर्ज खात्यातला माणूस असल्यामुळे मला त्यात दुसरंही दिसतं: त्यांनी बुडवलं ते घेणं होतं, देणं नव्हे. बुडालेल्या दुकानदाराला हे सुचावं याचं मला आजही नवल वाटतं.

पुढे जवळजवळ अडीचशे वर्षांनी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या दारात गेले. त्यांची मागणी मुख्यतः एकच होती: खतं द्या. खतं हाती पडली की ती चव्हाट्यावर जाळली जात, आणि जिथं सावकारानं ती मुकाट्यानं दिली तिथं बहुधा अंगाला हात लागला नाही. हा दख्खनचा दंगा. त्यातून चौकशी आयोग आला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्यातली एक तरतूद फारशी कुणाला आठवत नाही: शेतकऱ्याला भरलेल्या पैशांची पावती मागण्याचा, सावकाराकडून आपल्या खात्याचा वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. म्हणजे कागद जाळण्याच्या दंग्यातून निघालं काय, तर कागद बघायला मिळण्याचा हक्क. मला वाटतं हा मराठी माणसाच्या पतीच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित क्षण आहे.

आता नदीही उपयोगाची नाही आणि काडीही. नोंद सर्व्हरवर असते, आणि पतमाहिती कंपन्यांना ती किमान सात वर्षं ठेवावी लागते. सिबिल २००० साली स्थापन झाली, २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. आपण चौघींनाही सिबिलच म्हणतो, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. स्कोअर ३०० ते ९००. कंपनी किंवा भागीदारी असेल आणि तिच्या नावावर कर्ज असेल तर आणखी एक मोजणी आहे, एक ते दहा अशी श्रेणी; त्यात एक उत्तम आणि दहा धोक्याची. पहिला नंबर चांगला, हे तरी शाळेसारखं आहे.

अमेरिकेतली पुस्तकं वाचून किंवा तिकडचे व्हिडिओ बघून आपली मुलं मला विचारतात, ‘सर, माझं स्वतःचं सिबिल खराब आहे, पण धंद्याचं वेगळं बनवता येतं ना?’ तिकडे याची परंपरा खरंच आहे. लुईस टॅपन नावाचा न्यूयॉर्कचा रेशमाचा व्यापारी होता. १८३७ च्या मंदीत त्याची पेढी बुडाली, कारण उधारी कुणाला द्यावी हे कळायला मार्ग नव्हता. १८४१ मध्ये त्यानं गावोगावचे बातमीदार नेमून व्यापाऱ्यांची माहिती गोळा करणारी संस्था काढली. आजची डन अँड ब्रॅडस्ट्रीट तिच्याच वंशातली. बुडालेला माणूस आपल्या तुकोबांसारखा खतं बुडवायच्या ऐवजी वह्या वाढवायला लागला, असं म्हणा. पण तिथल्या पद्धतीत एक गोष्ट घडली: माल उधार देणारा व्यापारीही, गिऱ्हाईक वेळेवर पैसे देतं की नाही, हे त्या संस्थेला कळवू लागला. म्हणून तिकडे दुकानदार पुरवठादारांचे पैसे वेळेवर देऊन धंद्याची पत बांधू शकतो.

आपल्याकडे? फाट्यावरच्या प्लायवूडवाल्याला विचारा. कुठला सुतार पंधरा दिवसांत देतो, कुठला दिवाळीनंतर देतो आणि कुठला गाव सोडून जातो, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याच्या वहीतून ते कुठंही जात नाही. भिशीचं तसंच. वीस जणांच्या भिशीत पहिला नंबर उचलून पुढचे एकोणीस हप्ते न चुकता भरणाऱ्या माणसाइतका खात्रीचा ऋणको बँकेला शोधून सापडणार नाही, पण भिशीची वही मंडळाच्या कपाटात असते. पतसंस्था सहकार खात्याच्या कायद्याखाली चालतात, तिथं फेडलेलं कर्ज सिबिलच्या अहवालात उमटेलच असं नाही. आणि डायरीवाले. नऊ हजार हातात देतात, शंभर दिवस रोज शंभर रुपये नेतात. वर्षाचा दर काढला तर पंचाहत्तर टक्क्यांच्या वर जातो. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि घेणाऱ्यालाही. पण मला राग व्याजाचा येतो त्याहून जास्त या गोष्टीचा येतो की शंभर दिवस एकही दिवस न चुकवता फेडणारा तो वडापाववाला बँकेच्या लेखी अस्तित्वातच नसतो. एवढं महाग कर्ज फेडून त्याच्या हाती पतीची एक रेघसुद्धा लागत नाही.

आणि धंद्याचं वेगळं सिबिल? तुमचा धंदा एकट्याच्या मालकीचा असेल, म्हणजे प्रोप्रायटरी, तर धंद्याचा पॅन म्हणजे तुमचाच पॅन. पाटीवर ‘श्री साई एंटरप्रायझेस’ लिहा नाहीतर काही लिहा, खाली माणूस एकच. भागीदारी केली, कंपनी काढली तर पॅन वेगळा मिळतो. पण नव्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकाची वैयक्तिक हमी घेते आणि त्याचा स्कोअर बघतेच. तेव्हा पळवाट नाही. जुनी वहीच सुधारायची आहे.

मग ती वही आधी वाचा तरी. २०१७ पासून चारही कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. १८७९ च्या त्या हिशेब मागण्याच्या हक्काचा हा पणतू. माझा फॅब्रिकेटर एक वर्षानं पुन्हा भेटला तेव्हा मी निवृत्त झालो होतो आणि मला वेळ होता. खिडकाळीच्या देवळाबाहेर, महाशिवरात्रीच्या जत्रेत, मोबाइलवर आम्ही त्याचा अहवाल उघडला. आजूबाजूला पाळणे, भोंगे, आणि आम्ही दोघं डीपीडी बघतोय.

डीपीडी म्हणजे हप्त्याला किती दिवस उशीर झाला. प्रत्येक कर्जाखाली ३६ महिन्यांची चौकटी-चौकटींची जाळी असते. वेळेवर भरलं त्या चौकटीत तीन शून्यं. शून्य मिळाल्याचा आनंद व्हावा अशी जगातली ही एकच परीक्षा असावी. त्याच्या मशीनच्या जुन्या कर्जाच्या जाळीत २०२० च्या दिवाळीपर्यंत शून्यंच शून्यं. टाळेबंदीत हप्ते पुढं ढकलण्याची सवलत होती, मार्च ते ऑगस्ट, ती त्यानं घेतली होती. मग ३०, ६०, ९०. नव्वदच्या पुढं खातं बुडीत वर्गात जातं. २०२१ मध्ये वसुलीवाल्यानं सांगितलं, ‘सव्वा लाखाच्या जागी ऐंशी हजार भरा, खातं बंद करून टाकू.’ यानं बायकोचे दागिने मोडून भरले. अहवालात लिहून आलं: ‘सेटल्ड’. त्याला वाटत होतं ‘सेटल्ड’ म्हणजे मिटलं. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ: पूर्ण दिलं नाही. ‘क्लोज्ड’ लिहून यायला हवं असेल तर उरलेलं भरून नो ड्यूज दाखला घ्यावा लागतो. हा एका शब्दाचा फरक त्याला कुणी सांगितला नव्हता. मीही सांगितला नव्हता. मी तर चहासुद्धा विचारला नव्हता.

त्याच अहवालात आणखी दोन गोष्टी निघाल्या. एक, गावाकडच्या मेहुण्याच्या ट्रॅक्टरला हा जामीन होता. सही केली होती मांडवात, अक्षता पडायच्या आधी. मेहुण्यानं तीन हप्ते थकवले, ते याच्याही अहवालात. जामीनकीला आपल्याकडे नातं समजतात. कागदाला ते कर्जच वाटतं. दुसरी, एक मोबाइलचं कर्ज, जे त्यानं कधी घेतलंच नव्हतं. कुणीतरी त्याच्या पॅनवर उचललेलं.

खोटी नोंद दुरुस्त करून घेता येते आणि ती फुकट होते. तक्रार नोंदवल्यापासून तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळायला हवी, असा नियम २०२४ पासून लागू आहे. खरी नोंद मात्र कुणीही पुसू शकत नाही. विजेच्या खांबांवर ‘सिबिल साफ करून मिळेल’ अशी स्टिकरं चिकटवलेली दिसतात. ते तुमच्याकडून पैसे घेऊन एक तर तोच फुकटचा अर्ज करतात, नाहीतर तुमचा पॅन-आधार घेऊन पुढच्या कुणाच्या तरी अहवालात मोबाइलचं कर्ज चढवतात.

खरी नोंद पुसत नाही, पण जुनी होत जाते. नव्या चौकट्यांनी जुन्या मागं ढकलायच्या, एवढाच धंदा आहे. फॅब्रिकेटरनं काय केलं ते सांगतो. उरलेले पंचेचाळीस हजार त्यानं दोन टप्प्यांत भरले आणि दाखला घेतला. मेहुण्याशी भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. पिग्मीचे पंचवीस हजार जमले होते. त्यांची मुदत ठेव केली आणि त्या ठेवीवर क्रेडिट कार्ड घेतलं. ठेव बँकेकडे असल्यामुळे अशा कार्डाला बँक सहसा स्कोअरवर अडत नाही. कार्ड फक्त कटिंग व्हील आणि टेम्पोच्या डिझेलला वापरायचं, मर्यादेच्या एक-तृतीयांशाच्या वर जायचं नाही आणि बिल तारखेच्या आत पूर्ण भरायचं, असं ठरलं. किमान रक्कम भरून चालतं म्हणतात. चालतं, पण व्याज छत्तीस-चाळीस टक्क्यांनी चालतं. मग एक लहान सोनेतारण, सहा महिन्यांत सोडवलेलं. मध्ये त्यानं एकदा घाई करून एका आठवड्यात पाच ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि अडलेला माणूस दारोदार फिरतोय असं चित्र तयार होतं. आम्ही चार महिने गप्प बसलो.

बायकोच्या नावावर कर्ज काढू का, हे त्यानं विचारलंच. सगळे विचारतात. तिचं सिबिल कोरं असतं, म्हणून ते उसनं घ्यायचं. धंदा खरोखर तिचा असेल तर जरूर काढा. नसेल तर एका घरात एकाऐवजी दोघांची वही खराब करण्याचा हा सोपा मार्ग आहे, आणि वसुलीवाला दारात येतो तेव्हा दार तीच उघडते.

आता कागदाचं बोलतो, कारण या फाट्यावर कागद हा फार दुखरा विषय आहे. ४ एप्रिल २०१३ ला इथं लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. आपल्यातल्या काहींनी त्या रात्री ढिगारा उपसला आहे. ती इमारत अनधिकृत होती. अनधिकृत बांधकामाची किंमत जिवानं मोजावी लागते हे आपण पाहिलं. तिची रोजची, लहान, कुणाला न दिसणारी किंमतही असते. परवानगी नसलेला गाळा बँक तारण घेत नाही. त्याचा भाडेकरार सहसा नोंदवलेला नसतो. पुढं कल्याणच्या वाटेवर २७ गावांचा घोळ: १९८३ मध्ये महापालिकेत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. एकाच गाळ्याच्या घरपट्टीवर ग्रामपंचायत, गुमास्त्यावर महापालिका आणि आधारवर जळगावचं गाव. इकडे शीळ-मुंब्र्यात २०२० पासून विजेचं बिल टोरंटचं, ते जुन्या भाडेकरूच्या नावावर. बँकेतला मुलगा पंचवीस वर्षांचा असतो, त्याला हा भूगोल माहीत नसतो. त्याला चार कागदांवर चार पत्ते दिसतात आणि तो शेरा मारतो. तेव्हा निदान जे आपल्या हातात आहेत त्या कागदांवर नाव आणि पत्ता एकसारखा करून घ्या. यात काही थोर नाही, पण मी नाकारलेल्या फायलींचा एक मोठा गठ्ठा याच कारणाचा होता.

उद्यम नोंदणी करा. ती फुकट आहे, आधारवर होते, १ जुलै २०२० पासून सुरू आहे. चालू खातं उघडा आणि विक्रीचे पैसे त्यातच येऊ द्या. क्यूआर कोड मुलाच्या बचत खात्याला जोडलेला असेल तर तुमची विक्री कागदावर मुलाच्या खिशात जाते. २०२५ च्या जुलैत बंगळूरच्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि इथंही काहींनी घाबरून क्यूआर उतरवले. मी भीती समजू शकतो. पण मालाच्या विक्रीला वर्षाला चाळीस लाखांपर्यंत आणि सेवेला वीस लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि बँकेनं तुमची उलाढाल बघावी असं वाटत असेल तर ती कुठंतरी दिसायला हवी. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

कर्जाचे दरवाजे आहेत. हातगाडीवाल्यांना स्वनिधी: आधी पंधरा हजार, ते फेडले की पंचवीस, मग पन्नास. वरच्यांना मुद्रा: शिशू पन्नास हजारांपर्यंत, किशोर पाच लाख, तरुण दहा लाख. शिवाय सहकारी बँका: डोंबिवली नागरी १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. या बँका आपल्याच पट्ट्यातल्या लहान माणसांच्या ठेवींवर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दुकानदार घडवले. सरकारची पतहमी योजना आहे, बिनतारण कर्जाला आधार देणारी. फक्त लक्षात ठेवा, ती हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. तुम्ही थकलात तर बँकेला तिचे बरेचसे पैसे मिळतात आणि तुमच्या चौकटीत ९० येतातच. किमान स्कोअर किती असावा हे रिझर्व्ह बँकेनं ठरवलेलं नाही आणि पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं सरकारनं २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात संसदेत सांगितलं. टेबलावर मात्र प्रत्येक बँकेचा स्वतःचा आकडा असतो. माझ्या टेबलावर होता.

इथवर मी दुकानदाराला शिकवत होतो, आणि हे शिकवणं मला थोडं लबाडीचं वाटतं. कारण त्या फॅब्रिकेटरचा पहिला ३० का पडला? पिग्मीच्या वहीत उत्तर होतं. ‘बिल्डरने दिले नाहीत’. एका इमारतीच्या खिडक्यांचे तीन लाख चाळीस हजार चौदा महिने अडकले होते. त्याचा हप्ता तीस दिवस उशिरा गेला तर ती नोंद झाली. त्याला चौदा महिने उशीर करणाऱ्याची नोंद कुठल्याच वहीत झाली नाही. त्या बिल्डरच्या पुढच्या प्रकल्पाचे फलक याच रस्त्यावर लागले. म्हणजे हा माणूस व्याजानं कर्ज काढून बिल्डरला बिनव्याजी कर्ज देत होता, आणि खराब पत याच्या नावावर चढली.

कायदा आहे, आणि कागदावर तो कडक आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवसांत, आणि लेखी करार असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे. नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं. बँक रेट साडेपाच टक्के धरा, म्हणजे साडेसोळा टक्के. सुविधा परिषदेकडे दावा लावता येतो. निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला तो कोर्टात उलटवायचा असेल तर आधी पंचाहत्तर टक्के रक्कम भरावी लागते. २०२३ च्या अर्थसंकल्पानं आयकरातही अट घातली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळणार नाही. अडचणी आहेत. निव्वळ व्यापाऱ्याला या वसुलीच्या तरतुदींचा लाभ नाही. माल आणि मजुरी एकत्र असलेला ठेका यात बसत नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयानं दिले आहेत. काम झाल्यावर केलेली उद्यम नोंदणी जुन्या बिलाला चालते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. म्हणून नोंदणी आधी, काम नंतर, आणि प्रत्येक मालावर चलन आणि पोचेची सही.

पण खरी अडचण ही नाही. मी त्याला म्हणालो, ‘दावा लाव.’ तो म्हणाला, ‘साहेब, दावा लावला तर पैसे मिळतील. काम नाही मिळणार. आणि एकानं सांगितलं की दहा जण देणार नाहीत.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. या सभागृहात काही कंत्राटदार बसले आहेत, एक-दोन विकासक आहेत, पालिकेत बिलं काढणारे एक गृहस्थ मला दिसले, त्यांनी मान खाली घातली आहे. मी कुणाकडे बोट दाखवत नाही. फक्त तुमच्या टेबलावरच्या बिलांवरची तारीख उद्या सकाळी बघा.

फॅब्रिकेटरचा स्कोअर या वर्षी सातशेच्या वर गेला. तीन वर्षं लागली. कर्ज मिळालं, आठ लाख नाही, पाच. मशीन आलं. आता तो नवं काम घेताना चाळीस टक्के आगाऊ मागतो, त्यामुळे दोन मोठी कामं गेली, पाच लहान मिळाली. ज्यांनी मला त्याचे अकरा दिवस सांगितले ते हे बघायला राहिले नाहीत. त्यांची वही त्यांच्या मुलाकडे आहे. मी मागून पाहिली. फॅब्रिकेटरच्या पानावर अकरापैकी सात दिवसांपुढं कारण लिहिलेलं आहे, चारांपुढं काहीच नाही. तेवढे चार त्यानं बहुधा स्वतःच चुकवले असावेत.

प्रश्नोत्तरं बाहेर चहावर करू. मागच्या टेबलावर कॉलेजची दोन मुलं लॅपटॉप घेऊन बसली आहेत. आपला पॅन आणि मोबाइल घेऊन जा, ती अहवाल उघडून देतील, छपाईचा खर्च मंडळानं केला आहे. ओटीपी मात्र त्यांना सांगू नका, स्वतःच्या हातानं टाका.